घरात गरम पाणी फिरवणारा पंप कसा बसवावा आणि सुरक्षितपणे कसा सुरू करावा

इंदूरमध्ये आमच्या भागात नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते. नर्मदेकाठच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर अंतरावरून, घाट चढवत, टप्प्याटप्प्याने उपसून माळव्याच्या पठारावर आणलेले हे पाणी आमच्या घरी दर सकाळी अर्धी बादली मोरीत जात असे. गच्चीवरच्या सोलर टाकीतले गरम पाणी तळमजल्यावरच्या न्हाणीघरात पोहोचण्याआधी पाइपात रात्रभर गार झालेले सगळे पाणी सोडून द्यावे लागे. पाऊण इंची सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणाऱ्या प्लॅस्टिकच्या) पाइपाच्या एका मीटरमध्ये साधारण पाव लिटर पाणी मावते आणि इंची पाइपात साधारण चारशे मिलिलिटर. आमची गरम पाण्याची लाइन इंची आणि २२ मीटर लांब असल्यामुळे एका खेपेला सुमारे नऊ लिटर पाणी वाया जात होते. शिवाय डिसेंबर-जानेवारीत पहाटे अंघोळ करणाऱ्या आईला तेवढा वेळ कुडकुडत उभे राहावे लागे, आणि ते मला अधिक खटकत होते.

यावर उपाय म्हणजे परतीची एक बारीक लाइन आणि तिच्यावर पाणी फिरवणारा छोटा पंप. माझा पहिला पंप सहा महिन्यांत बिघडला, दुसरा मात्र आजवर नीट चालू आहे. दोन्ही वेळा जे शिकायला मिळाले ते येथे क्रमाने लिहीत आहे. हा लेख गच्चीवर सोलर टाकी असलेल्या, एक-दोन मजल्यांच्या घरासाठी आहे. ज्यांची टाकी बंद दाबाची आहे, त्यांनी त्या टाकीसोबत आलेल्या सूचना आधी वाचाव्यात.

१. हा पंप पाणी चढवत नाही, फक्त फिरवतो

बहुतेक चुका येथूनच सुरू होतात, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. गरम पाण्याची लाइन टाकीतून खाली येते, शेवटच्या नळापर्यंत जाते आणि तेथून परतीची लाइन पुन्हा टाकीत जाते. दोन्ही लाइनी पाण्याने पूर्ण भरलेल्या असतील, तर खाली उतरणाऱ्या पाण्याचे वजन वर चढणाऱ्या पाण्याला तोलून धरते. पंपाला उंचीशी झगडावे लागत नाही. पाइप, एल्बो आणि व्हॉल्व्ह यांच्यातल्या घर्षणावर मात करणे एवढेच त्याचे काम असते, आणि म्हणून ४० ते ९० वॉटचा पंप दुमजली घराला पुरतो.

मात्र परतीची लाइन टाकीतल्या पाण्याच्या पातळीखाली जोडलेली असेल, तेव्हाच हा तोल साधतो. ती पातळीच्या वर, झाकणाजवळ जोडली, तर साखळी तुटते, पंपाला पाणी खरोखरच उचलावे लागते आणि तो नुसताच गुणगुणत राहतो. टाकीला तळाशी मोकळे तोंड असेल तर ते वापरावे. नसेल, तर टाकीत शिरणाऱ्या गार पाण्याच्या लाइनीवर टी (तीन तोंडांचा जोड) बसवून तेथे परतीची लाइन जोडता येते, पण मग त्या टीच्या अलीकडे, गार पाण्याच्या टाकीच्या बाजूला, हलक्या दाबाने उघडणारा एकदिशा व्हॉल्व्ह हवा. आमच्याकडचे कारागीर त्याला एनआरव्ही म्हणतात.

टाकीच्या माथ्यावर हवेसाठी जो उभा पाइप असतो, तो कोणत्याही कारणाने बंद करू नका. त्यातून वाफ येते किंवा पाणी ओघळते म्हणून त्याला बूच मारलेली घरे मी पाहिली आहेत. तसे केल्याने टाकीत दाब वाढून ती फुटू शकते, किंवा पाणी वेगाने निघून जाताना आत चिमटू शकते.

२. पंप निवडताना

सियागंजात किंवा महाराणी रोडवर जाऊन नुसता ‘गरम पाण्याचा पंप’ मागितला, तर तुमच्या हातात प्रेशर पंप ठेवला जाण्याची शक्यता मोठी आहे. तो नळ उघडल्यावर चालू होतो आणि धार जोरात आणतो. नळ बंद असताना पाणी फिरवत राहणे हे त्याचे काम नाही. दुकानात ‘गरम पानी घुमाने वाला सर्क्युलेशन पंप, रिटर्न लाइन के लिए’ असे स्पष्ट सांगावे.

दुसरी गोष्ट पंपाच्या अंगाच्या धातूची. माझा पहिला पंप बिडाचा होता. परदेशात घर उबदार ठेवण्यासाठी बंद लाइनीत तेच पाणी वर्षानुवर्षे फिरवतात, तेथे बीड चालते, कारण त्या पाण्यातला प्राणवायू लवकरच संपून जातो. आपल्या नळाच्या लाइनीत रोज ताजे पाणी आणि त्याबरोबर ताजा प्राणवायू येतो, त्यामुळे बीड आतून गंजत जाते. चार महिन्यांनी आमच्या नळातून सकाळी तांबूस पाणी येऊ लागले आणि पुढे दोन महिन्यांत पंप जाम झाला. विक्रेत्याने मला हा फरक सांगितला नव्हता आणि मीही विचारला नव्हता. नळाच्या गरम पाण्यासाठी स्टेनलेस स्टीलच्या किंवा ब्राँझच्या अंगाचाच पंप घ्यावा, तो महाग असला तरी.

तिसरी गोष्ट म्हणजे पंपावरील पट्टी वाचणे: २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, सिंगल फेज, पाण्याचे कमाल तापमान निदान ९५ अंश, आणि आयपी ४४ (पाण्याच्या शिंतोड्यांपासून बचावाचा दर्जा) किंवा त्याहून चांगले संरक्षण. उन्हाळ्यात, कोणी पाणी वापरले नाही तर, नळ्यांच्या सोलर टाकीतले पाणी ८० अंशांच्या पुढे जाऊ शकते, म्हणून तापमानाच्या आकड्याबाबत तडजोड करू नका.

३. जवळ काय काय असावे

- पंप, त्याची दोन्ही बाजूंची युनियन (नट सोडून उघडता येणारी) जोडणी आणि रबरी वॉशर
- दोन बॉल व्हॉल्व्ह, एक एनआरव्ही, एक जाळीचा गाळणी व्हॉल्व्ह
- परतीसाठी अर्धा इंची किंवा पाऊण इंची सीपीव्हीसी पाइप, आयएस १५७७८ या भारतीय मानकाची खूण असलेला, आणि त्याच प्रकारच्या पाइपासाठीचे सॉल्व्हंट सिमेंट
- पितळी चुड्यांचे सीपीव्हीसी जोड, टेफ्लॉन टेप, भिंतीच्या क्लिपा
- पाइपावर चढवायचे काळे नायट्राइल फोम
- तीन कोरची १.५ चौरस मिलिमीटर तांब्याची केबल, केबल ग्लँड (केबल डबीत शिरते तेथला घट्ट जोड), डबल पोल स्विच, ६ अँपिअरचा एमसीबी (जास्त प्रवाह गेल्यास आपोआप पडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळल्यास लाइन तोडणारा स्विच), टायमर
- दोन पाने, पेचकस, मल्टिमीटर, बादली, जाडसर फडके, टॉर्च
- पक्के बिल, दुकानाचा शिक्का व तारीख असलेले वॉरंटी कार्ड आणि पंपाचे माहितीपत्रक

पांढरा यूपीव्हीसी पाइप गरम पाण्यासाठी वापरू नका. तो स्वस्त असतो, पण गरम पाण्याने मऊ पडून वाकतो आणि सांध्यातून सुटतो. भिंत फोडण्याआधी गरम, गार आणि परतीच्या लाइनींचा कागदावर एक साधा नकाशा काढा आणि भिंत बुजवण्याआधी प्रत्येक वळणाचे छायाचित्र घ्या. दोन वर्षांनी खिळा ठोकताना याचा उपयोग होतो.

४. पंपाची जागा

कारागिराला पंप गच्चीवर, टाकीच्या शेजारी बसवणे सोयीचे वाटते, कारण तेथे जागा मोकळी असते. माझे मत त्याच्या विरुद्ध आहे. पंप जितका खाली, तितके त्याच्या तोंडाशी पाण्याचे वजन अधिक. दर दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब मिळतो. आमचा पंप टाकीच्या पाण्याच्या पातळीपासून सुमारे सात मीटर खाली आहे, म्हणजे त्याच्या तोंडाशी ०.७ बार दाब आयताच मिळतो. गच्चीवर हाच दाब जेमतेम एक मीटरचा उरतो, त्यातला काही घर्षणात जातो, आणि पाणी गरम असेल तर पंपाच्या आत वाफेचे बुडबुडे होऊन खडखडाट सुरू होतो. २० अंशांच्या पाण्याचा बाष्पदाब ०.०२ बारच्या आसपास असतो, तर ९० अंशांच्या पाण्याचा ०.७ बार. त्यातच इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच असल्याने हवेचा दाबही किंचित कमी. गच्चीवर ऊन आणि पाऊस लागतो, ते वेगळेच.

म्हणून परतीच्या लाइनीवर, शेवटच्या न्हाणीघराच्या बाहेर, हात पोहोचेल अशा उंचीवर, पण नळाचे किंवा शॉवरचे पाणी उडणार नाही अशी जागा निवडा. खाली एखादा थेंब पडला तर दिसला पाहिजे. पंप कपाटात किंवा खोट्या छतात लपवू नका.

५. पंपाआधी पाइप धुवा

परतीची लाइन जोडून झाली की सॉल्व्हंट सिमेंट पक्के होण्यासाठी निदान २४ तास द्या. त्यानंतर पंपाच्या जागी तात्पुरता पाइपाचा तुकडा लावून किंवा तोंड मोकळे ठेवून बादलीत पाणी सोडा. पाइप कापताना पडलेला भुसा, सिमेंटचे कण आणि टेफ्लॉनचे धागे या पाण्यात निघतात. या पंपाच्या आतल्या फटी अत्यंत बारीक असतात आणि वाळूचा एक कणही फिरता भाग अडवू शकतो. पाणी पूर्ण स्वच्छ येईपर्यंत दोन-तीन बादल्या जातील. त्या झाडांना घालाव्यात.

६. पंप लाइनीत जोडणे

हे काम पहाटे करावे, टाकीचा खालचा व्हॉल्व्ह बंद करून आणि लाइनीतले पाणी काढून. दुपारी टाकीतले पाणी हात पोळण्याइतके तापलेले असते. ६० अंशांचे पाणी काही सेकंदांतच त्वचा भाजते.

पंपाच्या अंगावर बाण कोरलेला असतो, तो पाणी ज्या दिशेने जायचे त्या दिशेला, म्हणजे शेवटच्या नळाकडून टाकीकडे असावा. क्रम असा ठेवा: आधी बॉल व्हॉल्व्ह, मग गाळणी, मग पंप, मग एनआरव्ही, मग दुसरा बॉल व्हॉल्व्ह. एनआरव्ही वगळून पैसे वाचवू नका. तो नसेल तर नळ उघडताच टाकीच्या तळाचे कोमट पाणी परतीच्या लाइनीतून उलटे येऊन गरम पाण्यात मिसळते आणि पंप बसवूनही गैरसोय वाढते.

मोटरीचा दांडा नेहमी आडवा, जमिनीला समांतर असला पाहिजे. पाइप उभा असो वा आडवा, हा नियम बदलत नाही. या पंपांत फिरणारा भाग पाण्यातच बुडालेला असतो आणि त्याच्या बेअरिंगला तेल किंवा ग्रीस नसते, तर तेच पाणी वंगणाचे काम करते. दांडा उभा ठेवला, तर वरच्या बेअरिंगपाशी हवा साचते आणि ते कोरडे घासले जाते. पाणी वर जाणाऱ्या उभ्या पाइपावर पंप बसवता आला तर उत्तम, कारण हवा पाण्याबरोबर वर निघून जाते. तारा जोडण्याची डबी मोटरीच्या खाली येता कामा नये, नाहीतर गळणारे पाणी थेट तिच्यात उतरेल. डबी चुकीच्या बाजूला येत असेल तर पाणी भरण्याआधी मोटरीचे चार बोल्ट सैल करून मोटर फिरवता येते, मात्र आतले रबरी रिंग जागेवरून सरकू देऊ नका.

युनियन आवळताना एका पान्याने पाइपाकडची बाजू धरून ठेवावी आणि दुसऱ्याने नट फिरवावा. सीपीव्हीसीवर पिळा पडला तर तडा लगेच दिसत नाही. गरम पाणी फिरू लागल्यावर दिसतो. पंपाचे वजन पाइपावर लटकू नये म्हणून दोन्ही बाजूंना क्लिपा लावा.

७. वीज

पाणी आणि वीज येथे हातभर अंतरावर असतात, म्हणून या भागात मी कोणतीही सूट घेत नाही आणि तुम्हीही घेऊ नये. मुख्य पॅनेलमधले काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. पुढे लिहिलेले त्याने काय केले आहे हे तपासण्यासाठी आहे.

काम सुरू करण्याआधी मुख्य स्विच बंद करून घरातल्या सगळ्यांना सांगा आणि शक्य असल्यास पॅनेलवर कागद चिकटवा. वीज गेली आहे याची खात्री निऑन टेस्टरवर सोडू नका. कधी कधी तार जिवंत असूनही तो मंद लागतो किंवा लागतच नाही. मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ अशी तिन्ही मापे घ्या.

पंपाला स्वतंत्र लाइन द्यावी: ६ अँपिअरचा एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. एमसीबी तारेला आगीपासून वाचवतो, माणसाला विजेच्या झटक्यापासून नाही. ते काम आरसीसीबीचे, आणि तोही खरे अर्थिंग असेल तर झटका बसण्याआधीच लाइन तोडतो. अर्थिंगची तार पंपाच्या डबीतल्या अर्थ खुणेच्या स्क्रूला जोडलेली असावी. जुन्या घरांत अर्थ म्हणून न्यूट्रलच जोडून ठेवलेला सापडतो. तसे असेल तर काम तेथेच थांबवा, कारण न्यूट्रल कोठे तुटला तर पंपाच्या धातूच्या अंगावर पूर्ण २३० व्होल्ट येतात आणि ते अंग पाण्याच्या लाइनीला जोडलेले असते. अर्थिंग आयएस ३०४३ या मानकाप्रमाणे झाले आहे का, हे वायरमनला विचारण्यात संकोच कसला?

स्विच न्हाणीघराच्या बाहेर असावा आणि डबल पोल असावा, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटतात. केबल डबीत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी टपकते, डबीत शिरत नाही. ग्लँड घट्ट आवळा. इन्व्हर्टरवर पंप चालवायचा असेल तर तो साइन वेव्हचा आहे का पाहा. चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर साध्या मोटरी तापतात आणि गुरगुरतात.

इथवर येऊनही एमसीबी बंदच ठेवा.

८. आधी पाणी, हवा बाहेर, मगच वीज

माझ्या पहिल्या पंपाच्या वेळी जोडणी करणाऱ्या माणसाने ‘चालू होतो का बघू’ म्हणून लाइनीत पाणी येण्याआधीच बटन दाबले होते. पंप फिरला आणि आम्ही समाधानाने मान हलवली. त्या दिवसापासून त्यातून बारीक खरखर येत राहिली. वंगण पाण्याचे आहे हे एकदा समजले की, कोरडा पंप थोडा वेळही का फिरवू नये हे वेगळे सांगावे लागत नाही.

टाकीचा व्हॉल्व्ह हळूहळू उघडा, एकदम नाही. पंपाचे दोन्ही बॉल व्हॉल्व्ह उघडे असावेत. सर्वांत दूरचा गरम नळ उघडून धार अखंड होईपर्यंत थांबा, मग एकेक करत बाकीचे गरम नळ. धार थुंकल्यासारखी तुटत असेल तर हवा अजून बाकी आहे. एनआरव्हीमुळे परतीच्या लाइनीचा वरचा भाग खालून भरायला वेळ लागतो. तो टाकीच्या बाजूने भरू द्या आणि वळणावर उंचवटा असेल तर तेथे हवा सोडण्याचा छोटा कॉक ठेवा.

मोटरीच्या मध्यभागी मोठा चपटा स्क्रू असतो. त्याभोवती फडके धरून, चेहरा बाजूला ठेवून, तो पाव ते अर्धा वळसा सैल करा. आधी फुस्स करत हवा येईल, मग बुडबुडे आणि मग नुसते पाणी. नुसते पाणी आले की पुन्हा आवळा. स्क्रू पूर्ण काढू नका. पाणी गरम असेल तर ते फवाऱ्यासारखे उडते. काही नव्या पंपांना हा स्क्रू नसतो, ते चालू झाल्यावर काही मिनिटांत स्वतःच हवा काढतात. माहितीपत्रकात पाहून घ्या.

९. पहिल्यांदा चालू करताना

सगळे सांधे कोरड्या कागदाने पुसून घ्या, म्हणजे नवा ओलावा लगेच कळतो. आरसीसीबीवरचे चाचणीचे बटन दाबा, तो पडला पाहिजे. पडत नसेल तर पंप चालू करू नका. मग पंपाचा वेग सर्वांत वरच्या खुणेवर ठेवून एमसीबी आणि स्विच चालू करा, कारण जास्त वेगात उरलेली हवा वाहून जाते.

दोन-तीन मिनिटे कान देऊन ऐका. खळखळ म्हणजे हवा आहे: पंप बंद करून पुन्हा एकदा स्क्रूतून हवा काढा. गुणगुण येते पण परतीचा पाइप गारच राहतो, याचा अर्थ फिरणारा भाग अडकला आहे, एखादा व्हॉल्व्ह बंद आहे किंवा बाण उलटा आहे. खरखर ऐकू आली तर बंद करा आणि दुकानदाराला बोलवा. पंप नीट चालू असेल तर जवळ कान नेल्याशिवाय ऐकूही येत नाही, आणि काही मिनिटांत परतीचा पाइप हाताला गरम लागू लागतो.

यानंतर वेग सर्वांत खालच्या खुणेवर आणा आणि तेवढ्यात भागते का पाहा. आमचे भागले. जास्त वेगाचा तोटा असा की, सोलर टाकीत गरम पाणी वर आणि गार पाणी खाली असे थर असतात. जोरात परतणारे पाणी ते थर ढवळून टाकते आणि संपूर्ण टाकी कोमट होते.

पहिल्या दिवशी संध्याकाळी, पाइप तापून पुन्हा निवल्यावर, सगळ्या युनियन परत तपासा. गरम-गार होताना जोड किंचित सैल पडतात. गळती नाही याची खात्री झाल्यावरच पाइपांवर फोम चढवा. मोटरीवर आणि तारांच्या डबीवर फोम कधीही गुंडाळू नका, तिला उष्णता बाहेर टाकायला हवा लागते.

१०. किती वेळ चालवावा आणि पुढे काय पाहावे

६० वॉटचा पंप २४ तास चालला तर दिवसाला १.४४ युनिट, महिन्याला ४३ युनिटच्या आसपास वीज जाते. त्याहून मोठा तोटा म्हणजे पाणी सतत पाइपात फिरून निवते. आम्ही सकाळी साडेपाच ते साडेआठ टायमर लावला आहे. त्यात रोज ०.१८ युनिट लागते. पुढे न्हाणीघराच्या दाराबाहेर दाबाचे बटन आणि तीन मिनिटांनी आपोआप बंद करणारा टायमर बसवायचा आहे, कारण पाहुणे दुपारीही अंघोळ करतात. हे बटन ओल्या हाताच्या टप्प्यात, न्हाणीघराच्या आत मात्र बसवू नये.

बोअरिंगचे जड पाणी सोलर टाकीत जाऊ देऊ नका. तापल्यावर त्यातले क्षार बाहेर पडतात, पाणी ६० अंशांच्या पुढे गेले की अधिकच वेगाने, आणि ते टाकीच्या नळ्यांवर आणि पंपाच्या आत थर धरतात. उन्हाळ्यात नळाला पाणी नसताना आम्ही टाकी बोअरिंगने भरत होतो. आता त्या टाकीला फक्त नर्मदेचे पाणी जाईल अशी वेगळी लाइन केली आहे. एप्रिल ते जूनमध्ये गरम पाणी लागत नसले, तरी दर पंधरा दिवसांनी पंप पाच मिनिटे चालवावा, म्हणजे क्षारांनी तो जाम होत नाही. जाम झालाच, तर वीज पूर्ण तोडून, दोन्ही बॉल व्हॉल्व्ह बंद करून आणि पाणी निवल्यावर मधला स्क्रू काढावा आणि दांड्याच्या खाचेत पेचकस घालून तो हलक्या हाताने दोन-तीन वळसे फिरवावा.

आरसीसीबी वारंवार पडत असेल तर तो ‘नाजूक आहे’ म्हणून काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला, तरी ऐकू नका. बहुतेक वेळा तारांच्या डबीत ओल शिरलेली असते. एमसीबी पाडा, डबी उघडा, वाळू द्या, ग्लँड नव्याने बसवा. तरीही तो पडत राहिला, तर वायरमनकडून मोटरीचे इन्सुलेशन तपासून घ्या आणि तोवर पंप बंद ठेवा. तेवढे दिवस थोडे पाणी वाया गेले तरी चालेल.